ठिणगी पडते कशी आणि तिची वेळ ठरवतं कोण?

पेट्रोल इंजिनात ‘स्फोट’ होतो, हे आपल्यापैकी बहुतेकांच्या डोक्यात शाळेपासून बसलेलं असतं. इंजिन नीट चालत असेल तर आत स्फोट होत नसतो. प्लगच्या टोकाला ठिणगी पडते, तिथलं पेट्रोल आणि हवेचं मिश्रण पेटतं आणि आगीची कड पसरत सिलिंडरच्या भिंतीपर्यंत जाते. या पसरण्याला वेळ लागतो, ढोबळमानाने दोन मिलिसेकंद. म्हणजे एका सेकंदाचे हजार तुकडे केले तर त्यातले दोन. ऐकायला हा वेळ काहीच नाही, पण इग्निशनमधल्या, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेतल्या, इलेक्ट्रॉनिक्सची सगळी खटपट या दोन मिलिसेकंदांसाठीच चाललेली असते.

कारण तेवढ्या वेळात पिस्टन काही थांबून राहत नाही. पिस्टन अगदी वर असतो तेव्हा त्याला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड सरळ उभा असतो, त्यामुळे त्या क्षणी पडलेला दाब क्रँक, म्हणजे इंजिनचा फिरता दांडा, फिरवत नाही, नुसता बेअरिंगवर बसतो. क्रँक तिथून १०-१५ अंश पुढे गेला की रॉड तिरका होतो आणि दाबाचं रूपांतर फिरण्यात होऊ लागतं. दाब शिगेला पोचायची वेळ ती. तेव्हा जाळ पसरलेला हवा असेल तर ठिणगी आधीच पाडावी लागणार, पिस्टन अजून वर चढत असताना. किती आधी? ८०० आरपीएमच्या (मिनिटाला ८०० फेऱ्या) आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन नुसतं चालू असतं तेव्हा, दोन मिलिसेकंदांत क्रँक जेमतेम १० अंश फिरतो. ३००० आरपीएमला तेवढ्याच वेळात ३६ अंश. ठिणगी आधी पाडण्याच्या या अंशांना गॅरेजात ‘टायमिंग ॲडव्हान्स’ म्हणतात, आणि ठिणगी मागे, म्हणजे उशिराकडे, सरकवली की ‘रिटार्ड’.

याच हिशेबाने ६००० आरपीएमला ७२ अंश लागायला हवेत. पण तिथेही तीस-पस्तीसच्या आसपासच भागतं. वेग वाढला की आत शिरणारी हवा जास्त घुसळली जाते आणि जाळ भराभर पसरतो, म्हणून. ही सवलत नसती तर गाड्यांची इंजिनं इतकी पळालीच नसती.

वेगाइतकाच महत्त्वाचा असतो लोड, म्हणजे इंजिनवरचं ओझं. ॲक्सिलरेटरवर पाय हलका असेल तर सिलिंडरमध्ये मिश्रण कमी येतं, त्यात मागच्या फेरीचा जळका वायूही मिसळलेला असतो. असं विरळ मिश्रण सावकाश जळतं, तेव्हा ठिणगी लवकर हवी. पाय दाबला की दाट मिश्रण झपाट्याने पेटतं, मग ठिणगी थोडी उशिरा. ती फारच लवकर पडली तर वर चढणाऱ्या पिस्टनच्या डोक्यावरच दाब येतो आणि इंजिन स्वतःशीच भांडतं. फार उशिरा पडली तर अर्धी उष्णता सायलेन्सरमधून बाहेर जाते, पिकअप मरतो, पेट्रोल जास्त जळतं. योग्य वेळ दर क्षणी बदलत असते.

आता ठिणगी बनते कशी ते पाहू. गंमत म्हणजे त्यात शंभर वर्षांत फारसं काही बदललेलं नाही. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी बॅटरी आणि कॉइलवर चालणारी जी पद्धत १९१० च्या कॅडिलॅक गाडीत बसवली, तिचं तत्त्व आजच्या नव्या कोऱ्या गाडीतही तेच आहे. कॉइलमध्ये लोखंडी गाभ्याभोवती तारेचे दोन वेढे असतात. पहिला जाड तारेचा, काही शे फेऱ्यांचा. दुसरा केसासारख्या बारीक तारेचा, त्याच्या शंभरेक पट फेऱ्यांचा. पहिल्यातून बॅटरीचा १२ व्होल्टचा प्रवाह सोडला की गाभ्याभोवती चुंबकक्षेत्र तयार होतं. मग प्रवाह एकदम तोडायचा. चुंबकक्षेत्र कोसळतं आणि कोसळता कोसळता पहिल्या वेढ्यात तीन-चारशे व्होल्ट, तर दुसऱ्यात २५ ते ४० हजार व्होल्टपर्यंत विजेचा दाब उभा करू शकतं. तेवढा दाब प्लगच्या एक मिलिमीटरच्या फटीतून उडी मारायला पुरतो. ठिणगी प्रवाह सुरू केल्यावर पडत नाही, तोडल्यावर पडते. ही एक गोष्ट पक्की धरलीत की पुढचं सगळं सोपं आहे.

जुन्या पद्मिनीत आणि ॲम्बेसेडरमध्ये हा प्रवाह तोडायचं काम सीबी पॉइंट, म्हणजे उघडमीट करणारी धातूच्या टोकांची जोडी, करायचे. डिस्ट्रिब्यूटरमध्ये, गॅरेजच्या भाषेत डेल्कोमध्ये, एक दांडा फिरायचा. त्याच्यावरचे उंचवटे पॉइंटची जोडी उघडायचे, करंट तुटायचा, आणि वरचा रोटर तयार झालेला दाब पाळीपाळीने चार प्लगना वाटायचा. टायमिंग पुढेमागे करायला दोन वजनं आणि स्प्रिंगा होत्या, वेग वाढला की बाहेर फेकल्या जाणाऱ्या. लोडसाठी इंजिनच्या व्हॅक्यूमवर हलणारा एक पडदा. झालं. दोनच गोष्टी कळायच्या त्या यंत्राला. पॉइंट दर वेळी थोडे जळायचे, काळे पडायचे, मग पॉलिश पेपरने घासून फट जुळवायची. ज्यांनी हे हातांनी केलंय त्यांना त्या काळाची फार ओढ असते. मला विचाराल तर ती ओढ ठीक आहे, पण पावसात रस्त्याच्या कडेला डेल्कोची टोपी पुसत उभं राहण्यात मजा कसली?

शिवाय एक मोठी अडचण होती. ६००० आरपीएमला क्रँकची एक फेरी १० मिलिसेकंदांची. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेरीत दोन ठिणग्या लागतात, म्हणजे एकाच कॉइलला दर ५ मिलिसेकंदांनी एक ठिणगी द्यायची. त्यातला जवळपास निम्मा वेळ पॉइंट उघडेच. उरलेल्या अडीचेक मिलिसेकंदांत कॉइल पुरती भरणार कधी? म्हणून वेग वाढला की ठिणगी रोडावायची.

आजच्या गाडीत डेल्को गेला. प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल आली, तिच्यामागे प्रवाह तोडणारा ट्रान्झिस्टर. हा ट्रान्झिस्टर झिजत नाही, काळा पडत नाही. प्रत्येक कॉइलला दोन फेऱ्यांत एकच ठिणगी द्यायची असल्याने ६००० लाही २० मिलिसेकंद हातात असतात, आणि भरायला लागतात साधारण तीन. तेवढ्या वेळात सहा-सात ॲम्पिअर प्रवाह चढतो. कॉइल किती वेळ भरायची हेही मोजून ठरवलेलं असतं, कारण जास्त वेळ भरली तर ती तापून जळते. बॅटरी उतरली असेल, स्टार्टर मारताना व्होल्टेज ९-१० वर आलं असेल, तर प्रवाह सावकाश चढतो. अशा वेळी ईसीएम भरण्याचा वेळ आपोआप वाढवतो.

ईसीएम म्हणजे इंजिनचा संगणक. फ्युएल इंजेक्शन आणि इग्निशन दोन्ही एकाच संगणकाकडे देण्याची सुरुवात बॉशच्या मोट्रॉनिक यंत्रणेने १९७९ मध्ये बीएमडब्ल्यूच्या गाडीत केली. आपल्याकडच्या रोजच्या गाड्यांत ही व्यवस्था रुळायला पुढची दोन दशकं गेली.

या संगणकाला सगळ्यात आधी हवी असते एक माहिती: क्रँक आत्ता नेमका कुठे आहे? त्यासाठी क्रँकला एक दातेरी चाक बसवतात. बऱ्याच गाड्यांत त्यावर ६० दात्यांची जागा असते, म्हणजे दर ६ अंशांवर एक दाता, पण त्यातले दोन दाते मुद्दाम गाळलेले असतात. शेजारी सेन्सर. दाते समोरून जाताना त्याच्यात विजेची लाट उठते आणि गाळलेली जागा आली की लाट चुकते. त्या चुकलेल्या लाटेवरून ईसीएमला कळतं की क्रँक या ठिकाणी आहे. तिथून दाते मोजायचे. दोन दात्यांमधला वेळ मोजून अधल्यामधल्या अंशांचाही हिशेब लावायचा. ३००० आरपीएमला एक अंश म्हणजे सेकंदाचा सुमारे अठरा हजारावा भाग.

पण क्रँकवरून एक गोष्ट कळत नाही. पिस्टन दोन फेऱ्यांत दोनदा वर येतो, एकदा मिश्रण दाबायला आणि एकदा धूर बाहेर ढकलायला. यातली कुठली खेप चालू आहे? ते कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, सांगतो, कारण तो क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो आणि त्याच्यावरही खुणा असतात. कॅमशाफ्ट हा सोलापूरकरांनी जरा अभिमानाने उच्चारावा असा शब्द आहे. अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीत प्रिसिजन कॅमशाफ्ट्स या आपल्या गावच्या कंपनीत बनलेले कॅमशाफ्ट देशोदेशीच्या गाड्यांत फिरतात.

क्रँक आणि कॅमनंतर मग लोड मोजणारा हवेच्या दाबाचा सेन्सर, पाण्याच्या म्हणजे कूलंटच्या तापमानाचा, आत येणाऱ्या हवेच्या तापमानाचा, थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) किती उघडलाय ते सांगणारा. या सगळ्यांचं ऐकून ईसीएम ठिणगीची वेळ काढतो. कशी काढतो? इथे लोकांना वाटतं की आत काहीतरी फार हुशार डोकं विचार करतंय. तसं नाही. आत एक भलंमोठं कोष्टक असतं. एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला लोड, आणि प्रत्येक घरात एक आकडा: इतके अंश आधी ठिणगी पाड. याला ‘मॅप’ म्हणतात.

सोलापुरी चादरीचा माग जवळून पाहिला असेल तर हे लगेच कळेल. जकार्डच्या मागावर वर पुठ्ठ्याच्या भोकं पाडलेल्या कार्डांची माळ असते. प्रत्येक आडव्या धाग्यासाठी एक कार्ड. भोक असेल तिथला उभा धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो, आणि चादरीवर नक्षी उमटत जाते. मागावर बसलेल्या विणकराला दर धाग्याला डोकं खाजवावं लागत नाही, ते काम कार्ड पाडणाऱ्याने आधीच करून ठेवलेलं असतं. मॅपचंही तसंच. कंपनीचे इंजिनियर इंजिनला डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, बांधून, थंडीत आणि उन्हात, घाटात आणि सपाटीवर महिनोन्‌महिने चालवून एकेक घराचा आकडा ठरवतात. फरक एवढाच की जकार्डची कार्डं ठरलेल्या क्रमाने येतात, तर ईसीएम गरजेप्रमाणे कुठल्याही घरात उडी मारतो. दोन घरांच्या मधे असेल तर प्रमाण काढतो. समजा एका लोडला २००० आरपीएमसाठी २८ अंश आणि २५०० साठी ३० लिहिलेत, तर २२०० ला तो २८.८ घेतो. मग थंड इंजिनसाठी थोडे अंश वाढव, तापलेल्या हवेसाठी थोडे कमी कर, अशा दुरुस्त्या करून शेवटचा आकडा पक्का करतो.

यातली तापलेल्या हवेची दुरुस्ती आपल्या गावाला रोज भोगावी लागते. मे महिन्यात दुपारी सात रस्त्याला सिग्नलवर ४३ अंशांत उभं राहिलं की गाडी मरगळल्यासारखी उठते. १५ अंशांच्या थंडीतल्या सकाळपेक्षा ४३ अंशांची हवा जवळपास ९ टक्के विरळ असते, म्हणजे इंजिनच्या पोटात तेवढा कमी ऑक्सिजन जातो. वर गरम हवेत नॉकिंगचा धोका, म्हणून ईसीएम टायमिंग दोन-चार अंश मागे ओढतो. त्यात एसी. गाडीला काही झालेलं नसतं. संध्याकाळी ती आपोआप ताळ्यावर येते.

नॉकिंग हा काय प्रकार? जाळाची कड पसरत असताना पुढच्या कोपऱ्यातलं न जळलेलं मिश्रण दाबलं जातं, तापतं, आणि कधी कधी कड पोचायच्या आधीच सगळंच्या सगळं एकदम पेटतं. सुरुवातीला ज्याला नाही म्हटलं तो स्फोट इथे होतो. आतल्या भिंतींवर दाबाच्या लाटा आपटतात आणि बाहेर खडखड किंवा टिकटिक ऐकू येते. कुटुंब घेऊन तुळजापूरला निघालात, गाडीत पाच जण, एसी चालू, घाट चढताना चौथा गिअर सोडायचा कंटाळा केला, की हमखास. वेग कमी आणि लोड पूर्ण, नॉकिंगला याहून चांगली सोय नाही. जुनी माणसं आवाज ऐकून गिअर उतरवायची. आता हे ऐकायचं काम इंजिन ब्लॉकला बोल्टने बसवलेला नॉक सेन्सर करतो. त्यात दाबलं की वीज निर्माण करणारा स्फटिक असतो. सिलिंडरच्या व्यासाप्रमाणे नॉकिंगचा ठरावीक सूर असतो, छोट्या गाड्यांत साधारण सहा ते आठ हजार हर्ट्झचा, आणि प्रत्येक ठिणगीनंतरच्या ठरावीक क्षणांतच ईसीएम तो सूर शोधतो. म्हणजे कुठल्या सिलिंडरने नॉक केलं तेही कळतं. सापडला की त्या सिलिंडरचं टायमिंग दोन-तीन अंश मागे, मग हळूहळू पुन्हा पुढे. हा बोल्ट हाताच्या अंदाजाने आवळायचा नसतो. कमी-जास्त आवळला की सेन्सर चुकीचं ऐकतो, आणि इंजिन उघडून बसवल्यानंतर पिकअप गेल्याच्या तक्रारीमागे कधी कधी एवढंच असतं.

इंधन बदललं तरी टायमिंगचं गणित बदलतं. आपल्या जिल्ह्यातल्या उसाचं आणि इथेनॉलचं नातं सांगायला नको. इथेनॉलचा ऑक्टेन आकडा, म्हणजे नॉकिंगला तोंड देण्याची क्षमता सांगणारा आकडा, शंभराच्या वर असल्याने २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल नॉकिंगला जास्त दाद देत नाही. मात्र इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते, म्हणून मिश्रणात ती सहा-सात टक्क्यांनी घटते. जास्त ऑक्टेनचा फायदा उचलून ही तूट थोडी भरून काढायची असेल तर मॅप तसा लिहिलेला हवा. साध्या गाडीत टाकीतलं इथेनॉल मोजणारा सेन्सर नसतो. सीएनजीची गोष्ट उलट बाजूची. तो सावकाश जळतो, नॉक जवळजवळ करतच नाही, म्हणून ॲडव्हान्स जास्त लागतो. कंपनी फिटेड गाडीत त्याचा वेगळा मॅप असतो. बाहेरून किट बसवलेल्या गाडीत टायमिंग ॲडव्हान्सर लावला नसेल तर गाडी पेट्रोलच्या टायमिंगवर गॅस जाळत राहते आणि मालक गॅसच्या नावाने खडे फोडतो. सीएनजीला ठिणगीसाठी व्होल्टेजही जास्त लागतं, त्यामुळे त्या गाडीत अशक्त कॉइल आणि झिजलेला प्लग लवकर उघडे पडतात.

आयडलचा एक बारीक खेळ सांगायलाच हवा. एसीचा कॉम्प्रेसर लागला की इंजिनवर एकदम ओझं येतं. जास्त हवा आत यायला क्षणभर वेळ लागतो, पण ठिणगीची वेळ तर पुढच्याच सिलिंडरला बदलता येते. म्हणून ईसीएम आयडलला टायमिंग मुद्दाम थोडं मागे ठेवून ताकद राखून ठेवतो आणि ओझं आलं की झटकन पुढे ओढतो. स्कॅनर, म्हणजे ईसीएममधली माहिती वाचणारं यंत्र, लावून पाहिलं तर आयडलला ॲडव्हान्सचा आकडा सतत हलताना दिसतो. तो बिघाड नव्हे.

बिघाडाचं म्हणाल तर ईसीएम स्वतः क्वचित जातो. जाते ती त्याला मिळणारी माहिती, नाहीतर टोकाचे भाग. क्रँक सेन्सरचं एक ठरलेलं लक्षण आहे. पुणे रस्त्यावर मोहोळ-टेंभुर्णीच्या आसपास भर उन्हात गाडी चालता चालता बंद पडते, अर्ध्या तासाने काही न करता सुरू होते. सेन्सरच्या आतली बारीक तार तापली की सांधा सोडते आणि थंड झाली की पुन्हा जुळते. अशा वेळी फ्युएल पंप बदलून झालेले लोक मी पाहिलेत.

गाडी मिसिंग मारत असेल, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये मिश्रण पेटत नसेल, तर प्लग काढून, बॉडीला टेकवून ‘करंट’ बघायची पद्धत अजून चालू आहे. ती सोडलेली बरी. बाहेरच्या हवेत एक मिलिमीटरची फट तीनेक हजार व्होल्टमध्ये पार होते. सिलिंडरमध्ये तीच हवा दहा-पंधरा पट दाबलेली असते, तिथे कित्येक पट व्होल्टेज लागतं. बाहेर झकास दिसणारी ठिणगी आत पडेलच याची खात्री नाही. उलट प्लग बॉडीला नीट टेकला नाही तर कॉइलमधला किंवा ईसीएममधला ट्रान्झिस्टर उडू शकतो. हाताला बसणारा झटकाही साधा नसतो, आणि छातीत पेसमेकर असलेल्याने तर तिथे हात घालूच नये.

त्यापेक्षा स्कॅनर लावा. पी ०३०१ असा कोड आला तर पहिला सिलिंडर मिस होतोय. मग पहिल्या सिलिंडरची कॉइल काढून तिसऱ्यावर लावा आणि तिसऱ्याची पहिल्यावर. कोड मिटवून गाडी फिरवा. आता पी ०३०३ आला तर कॉइल गेली. पी ०३०१ च राहिला तर कॉइल निर्दोष आहे, प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन पाहा. एकही रुपया न खर्चता उत्तर मिळतं, त्यामुळे चारही कॉइल एकदम बदला म्हणणाऱ्याला आधी ही अदलाबदल करायला सांगा. प्लगच्या खड्ड्यात तेल किंवा पाणी आहे का तेही बघून घ्या. टॅपेट कव्हरचं पॅकिंग गळून तेल साचतं, आणि इंजिनवर प्रेशरने पाणी मारल्याने पाणी.

ईसीएमला मिसिंग कळतं ते त्याच दातेरी चाकावरून. ज्या सिलिंडरमध्ये जाळ झाला नाही त्याच्या पाळीला क्रँक किंचित मंदावतो आणि दात्यांमधला वेळ वाढतो. खड्ड्यांच्या रस्त्यावर चाकांना बसणाऱ्या हिसक्यांनीही क्रँकचा वेग असाच डगमगतो, म्हणून बऱ्याच गाड्यांत ईसीएम एबीएसच्या, म्हणजे ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, सेन्सरवरून रस्ता खराब आहे हे ओळखतो आणि तेवढा वेळ मिसिंग मोजणं थांबवतो. आपल्याकडच्या काही रस्त्यांवर त्याला मोजायची संधी कधी मिळत असेल, देव जाणे.

चेक इंजिनचा दिवा नुसता लागून राहिला तर सवडीने गॅरेज गाठलं तरी चालतं. मिसिंगसोबत तो उघडझाप करू लागला तर मात्र पाय लगेच हलका करा आणि जमेल तितक्या लवकर गाडी बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या भागात, जाऊन तिथे जळत असतं, आणि तो जळाला तर त्याच्या किमतीपुढे कॉइलची किंमत काहीच नाही.